पडलेलं दान आणि तोलाचे गडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला शिकणारा माझा भाचा कंधारला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा फासेच जास्त होते. आपल्याला फासा म्हटला की सहा बाजूंचा ठाऊक. याच्याकडे चार, आठ, दहा, बारा आणि थेट वीस बाजूंचेही फासे होते. संध्याकाळी त्यानं ओसरीवर गल्लीतली पोरं जमवली आणि मलाही बोलावलं. म्हणाला, "मामू, तुम्हीपण बसा. गोष्ट सांगायचा खेळ आहे, तुमच्याच कामाचा."

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली तो छापला. पहिल्या छपाईत हजारच प्रती काढल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो. यात पट नसला तरी चालतं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. आपलं पात्र काय करणार हे खेळाडूनं सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर छाप पाडण्याची हातोटी. सुरुवातीला प्रत्येक गुणाला तीन ते अठरा यांमधला आकडा मिळतो. दहा-अकरा म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस. चौदा असेल तर फाशाच्या दानात दोन मिळवायचे, आठ असेल तर एक वजा करायचा. समजा, धोंडा उचलायचा आहे आणि गोष्ट सांगणाऱ्यानं त्यासाठी पंधरा हवेत असं ठरवलं. तर फासा टाका, ताकदीची बेरीज-वजाबाकी करा, पंधरा झाले की धोंडा उचलला गेला.

आता हे सहा आकडे आणायचे कुठून? मूळ नियम साधा. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज होईल ती पहिल्या गुणाची, पुढची दुसऱ्याची. जे पडेल ते आपलं. भाच्यानं तसंच केलं. शेजारच्या नववीतल्या पोराला ताकद पडली सतरा. माझी पुतणी दहा वर्षांची. तिला ताकद पडली पाच, चपळाई सात. तिनं पेन्सील टाकली आणि म्हणाली, "मी नाही खेळत. माझ्याच वाट्याला असं का?"

मंडळी, आजचं हे सगळं बोलणं तिच्या या एका प्रश्नावर आहे.

आधी हिशेब पाहू. तीन फासे एकूण २१६ प्रकारे पडू शकतात. अठरा येण्याचा त्यातला प्रकार एकच, तीन येण्याचाही एकच. दहा किंवा अकरा मात्र ५४ प्रकारे येतात, म्हणजे चार वेळा टाकलं की साधारण एकदा. म्हणजे फासे बहुतेकांना मध्यमच ठेवतात. पण एखाद्याचं ताट भरतात आणि एखाद्याचं रिकामं ठेवतात. एका संध्याकाळचा खेळ असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण यात तेच पात्र घेऊन लोक महिनोन् महिने खेळतात. पहिल्या पाच मिनिटांत पडलेलं दान इतके दिवस वागवायचं, हे लोकांना खुपू लागलं.

मग तोडगे निघाले. १९७९ च्या पुस्तकात एक आला. चार फासे टाका आणि सर्वांत लहान आकडा सोडून द्या. यानं सरासरी साडेदहावरून बारावर सरकते आणि अठरा पडण्याची शक्यता २१६ त एकऐवजी साधारण ६२ त एक होते. पण यानं दैव उदार झालं, समान झालं नाही. सगळ्यांच्याच ताटात थोडं जास्त पडलं, कमी-जास्त राहिलंच.

दुसरा तोडगा फासेच बाजूला ठेवतो. प्रत्येकाला २७ गुणांची सारखी थैली द्यायची आणि बाजारात सोडायचं. प्रत्येक गुण आठवर असतो, तिथून वर चढायला खर्च येतो. तेरापर्यंत पायरीला एक. चौदाला मात्र एकूण सात लागतात आणि पंधराला नऊ. त्यापुढे विकत मिळत नाही. म्हणजे शिखरावरच्या पायऱ्या महाग. याचा परिणाम पाहा. एकानं तीन गुण पंधरावर नेले, तर थैली संपते आणि उरलेले तीन आठवरच राहतात, बेरीज ६९. दुसऱ्यानं तीन तेरा आणि तीन बारा घेतले, तर तेवढ्याच पैशांत बेरीज ७५. एका गोष्टीत पटाईत व्हायचं तर बाकीच्यात मार खायचा. ज्याला हा बाजार नको त्याच्यासाठी तयार आकडेही आहेत. १५, १४, १३, १२, १० आणि ८. मोजून पाहा, तेही बरोबर २७ लाच पडतात.

मला हे ओळखीचं वाटलं. मात्रावृत्तात ओळीच्या मात्रा ठरलेल्या. पादाकुलकात सोळा. गुरू अक्षराला दोन, लघूला एक. थैली सगळ्या ओळींना सारखी, खर्च कसा करायचा ते कवीनं पाहावं. जड शब्द घेतला की पुढं हलका घ्यावा लागतो. बुद्धिबळातही असंच. घोडा आणि उंट दोघांची किंमत साधारण तीन प्याद्यांएवढी धरतात, पण चाल किती वेगळी! तोल म्हणजे सारखेपणा नव्हे, हे जुन्या खेळांना ठाऊक होतं.

आणि आपल्या गल्लीला ठाऊक नव्हतं का? आट्यापाट्या खेळायच्या आधी गडी कसे वाटायचो, आठवा. सारख्या तोलाचे दोघं खांद्यावर हात टाकून दूर जायचे, कानात नावं ठरवायचे. मग दोन्ही म्होरक्यांसमोर येऊन विचारायचे, "चांद घेता की सूरज?" कोण चांद, कोण सूरज हे म्होरक्याला माहीत नसायचं. तोल त्या दोघांनीच जोखलेला, निवड आंधळी. लबाडीला जागाच नाही. माळेगावच्या यात्रेत पंच अंगापिंडाकडं बघून कुस्तीची जोड लावतात, त्यातलाच हा प्रकार.

पण या सुंदर पद्धतीत एक भोक होतं. ज्याची जोड लागत नाही, त्याचं काय?

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. लहानपणीच पोलिओनं एक पाय गेलेला. त्या काळी पुष्कळ गल्ल्यांत असा एखादा असायचाच. भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो थेट २०१४ साली. गडी वाटताना तो उभा राहायचा, पण त्याच्या खांद्यावर कुणी हात टाकायचं नाही. शेवटी आम्ही त्याला लिंबूटिंबू घ्यायचो. म्हणजे खेळायचं, पण बाद व्हायचं नाही. धरलं तरी धरलं नाही असं मानायचं. आम्हाला वाटायचं आम्ही दया करतो. एकदा तो म्हणाला, "मला बाद तरी करा रे."

पाऊस लागला की मात्र चित्र पालटायचं. सगळे ओसरीवर, भेंड्या सुरू. त्याला इतक्या कविता आणि गाणी पाठ, की दोन्ही बाजू त्याला ओढायच्या. तेव्हा त्याची जोड लागायची नाही ती त्याच्या तोडीचा कुणी नव्हता म्हणून. मुलगा तोच, त्याचे सहा आकडे तेच. फक्त खेळ बदललेला. पण आमच्या मराठवाड्यात पाऊस कमी; त्याचे दिवसही कमीच आले.

तो आज हयात नाही. कवितेचा नाद मला त्याच्या त्या भेंड्यांमुळे लागला. उन्हाळ्यातल्या एकाही संध्याकाळी मी त्याच्या खांद्यावर हात टाकून "चल, मी तुझी जोड" असं म्हटलं नाही.

म्हणून वाटतं, कागदावरचा तोल हे अर्धंच काम. वाटेत सगळ्या भिंतीच उभ्या केल्या, तर २७ गुणांची थैली सारखी असूनही ताकदवानच जिंकणार. उरलेला तोल गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात असतो. वाटेत काय काय ठेवायचं, हे तोच ठरवतो. शाळेत, घरात, कचेरीतही कुणीतरी ते ठरवतच असतं.

त्या संध्याकाळी भाचा आधी पुतणीला म्हणाला, "तू पुन्हा टाक." बाकीची पोरं उसळली, मग आम्हीपण! शेवटी सगळ्यांनी २७ ची थैली घेतली. पुतणीनं शहाणपण पंधरा घेतलं आणि ताकद ठेवली आठ. मघाशी पाच पडले म्हणून रुसलेली पोर आता आठ आपणहून घेत होती. दैवानं दिलेलं उणं आणि आपण पत्करलेलं उणं, यांची चव वेगळी असते.

गोष्ट भाच्यानं आमच्याच किल्ल्यात घडवली. खंदकात पाणी, रात्रीची वेळ. सतरावाल्याची ताकद आता पंधरावर आली होती, तरी त्यानं सगळ्यांना दोरानं वर ओढून घेतलं. आत एक म्हातारा पहारेकरी भेटला. म्हणाला, "डावीकडं जा, वाट मोकळी आहे." सगळे निघाले. पुतणी म्हणाली, "थांबा, हा खोटं बोलतोय का ते मला बघायचंय." भाच्यानं पंधरा मागितले. तिनं फासा टाकला. तेरा. शहाणपणाचे दोन मिळवले.

नववीतला पोरगा मागं फिरला आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)