प्रेमाने आघात बरा होतो का? एका कोरियन मालिकेच्या निमित्ताने

कोरियन मालिका वस्तीतल्या मुलामुलींच्या मोबाईलवर कधीच पोहोचल्या आहेत. युवक-युवतींसोबत काम करताना आम्हाला त्यांची नावे बहुतेक वेळा मुलांकडूनच कळतात. ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’ ही त्यातलीच एक. १६ भागांची ही मालिका २०२० साली कोरियातील टीव्हीएन वाहिनीवर आणि नेटफ्लिक्सवर आली. ‘खरे प्रेम मिळाले की माणूस आतून बरा होतो’ असा तिचा अर्थ सहज काढला जातो. आमच्या मते मालिका तसे सांगत नाही.

कथेत मुख्य माणसे तीन. मून गांग-ते मनोरुग्णालयात रुग्णांची देखभाल करणारा कर्मचारी. त्याचा मोठा भाऊ सांग-ते स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. लहानपणी सांग-तेच्या डोळ्यांदेखत आईचा खून झाला आणि खुन्याच्या कपड्यांवर फुलपाखराचा ब्रोच होता. तेव्हापासून वसंतात फुलपाखरे दिसू लागली की त्याला भयंकर स्वप्ने पडतात आणि दोघे भाऊ गाव, नोकरी, घर सोडून दुसरीकडे जातात. तिसरी को मून-यंग, क्रूर आईच्या ताब्यात वाढलेली आणि मुलांसाठी भीतीदायक गोष्टी लिहिणारी लेखिका.

आघात म्हणजे नुसती वाईट आठवण नव्हे. आठवण मागे पडते, आघात मात्र आत्ताच घडतोय असा अंगावर येतो. व्हिएतनाम युद्धात लढलेला एक वृद्ध रुग्ण बसमधून जाताना बाहेरच्या बांधकामाचा आवाज ऐकतो आणि पुन्हा रणांगणात जाऊन पोहोचतो. (१९६४ ते १९७३ या काळात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनामला पाठवले होते, म्हणजे हे पात्र हवेतून आलेले नाही.) बसमधले लोक घाबरतात. त्याच्या डोक्यावर आपले जाकीट धरून त्याला आवाजापासून आडोसा देतो तो सांग-ते, ज्याला सगळे ‘सांभाळावा लागणारा’ समजतात. उपदेश नाही, ‘विसरून जा काका’ नाही.

मून-यंगचा संताप अनावर होतो तेव्हा गांग-ते तिला ‘बटरफ्लाय हग’ शिकवतो. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि आळीपाळीने स्वतःच्या खांद्यांवर हलके थोपटायचे. हे लेखकाने रचलेले नाही. मेक्सिकोत १९९७ च्या पॉलीन चक्रीवादळातून वाचलेल्यांसोबत काम करताना लुसिना आर्टिगास यांनी ही पद्धत विकसित केली. घाबरलेल्या शरीराला त्या क्षणी शांत करायला तिचा उपयोग होतो. तेवढ्याने उपचार होत नाहीत.

आम्हाला सर्वात जवळचा वाटला तो गांग-तेचा आघात, कारण तो दिसतच नाही. त्याच्या आईने त्याला लहानपणीच सांगितले होते की भावाला सांभाळण्यासाठीच तुला जन्म दिला. तो हसतमुख, कष्टाळू, कधी तक्रार न करणारा. अशी मुले आणि विशेषतः मुली आपल्याकडे किती घरांत आहेत! आई कामाला, भाऊ दिव्यांग, आणि थोरली पोर शाळा सोडून घरी. लोक तिला समजूतदार म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. भाऊ नसता तर बरे झाले असते, हा विचार गांग-तेच्या मनात एकदा येऊन गेलेला असतो आणि त्याची शरम तो वर्षानुवर्षे वाहतो. एक दिवस सांग-ते रुग्णालयात सर्वांसमोर त्यावरून त्याला दोष देतो, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत माफी मागतो. त्याची सुटका सुरू होते ती इथून. पुढे सांग-तेच त्याला सांगतो की तू माझ्या मालकीचा नाहीस, तू तुझाच आहेस.

सांभाळणाऱ्याचा भार उतरवणे हे एकट्या प्रेयसीचे काम नाही. मालिकेत त्यासाठी पगार देणारी नोकरी आहे, घर देणारी शेजारीण आहे, जुना मित्र आहे, आणि सांग-तेला भिंतीवर चित्र काढायचे रीतसर काम देणारे डॉक्टर आहेत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि मानसिक आजार दोन्ही येतात. घरात कुणी स्वमग्न असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढाच. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येते.

मालिकेत आम्हाला खटकलेलेही आहे. सुरुवातीच्या भागांत मून-यंग गांग-तेच्या संमतीविना त्याच्या अंगाशी येते, पाठलाग करते, आणि कॅमेरा ते गोड म्हणून दाखवतो. नायकाच्या जागी नायिका आहे म्हणून पाठलाग प्रेम होत नाही. कुणाचा भूतकाळ दुःखाचा आहे हे समजून घेता येते, त्याचा मार मात्र सहन करायचा नसतो. ‘मी त्याला बदलेन’ म्हणत राहिलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. शेवटच्या भागांतले खुनाचे रहस्य तर ताणलेलेच वाटते.

पण शेवट पाहा. तिघे गाडी घेऊन प्रवासाला निघतात आणि सांग-ते मध्येच उतरतो. त्याला चित्रकार म्हणून स्वतःचे काम करायचे असते. गांग-ते रडतो आणि त्याला जाऊ देतो.