नदी मागच्या दाराने येते

आजची गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे, पण तिच्यात कांगारू नाही. सोहम, तोंड वाकडं करू नकोस. कांगारूपेक्षा खट्याळ अशी एक नदी आहे हिच्यात. तिचं नाव हॉक्सबरी. सिडनीच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतलं पाणी गोळा करत, मोठा वळसा घालत ती समुद्राला मिळते. तिच्या काठी हजारो वर्षं राहत आलेले धारुग लोक तिला दिरब्बिन म्हणतात.

१८०२च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून ‘कोरोमांडेल’ नावाचं जहाज निघालं. त्यात बेड्या घातलेले कैदी होते, आणि त्यांच्याबरोबर काही मोकळी कुटुंबंही होती. आईबाप, कडेवरची पोरं, बियाण्याच्या पिशव्या, बायबलं, असा सगळा संसार. यातली बरीचशी माणसं स्कॉटलंडच्या सीमाभागातली, प्रेस्बिटेरियन पंथाची. म्हणजे चर्चवर बिशप नको, गावातल्या जाणत्यांनीच कारभार बघावा असं मानणारी. सरकारने त्यांना सांगितलं होतं, भाडं आम्ही देतो, तिकडे जमीन देतो, सुरुवातीचा शिधा देतो. तुम्ही फक्त शेती करा. स्वतःच्या मालकीचा तुकडा मायदेशी सात जन्मांत मिळाला नसता, तो इथे फुकट मिळत होता. कोण नाही म्हणेल?

चार महिन्यांनी, जूनमध्ये, जहाज सिडनीला लागलं. जून, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. दुपारचा सूर्य उत्तरेला. जन्मभर ज्यांनी दक्षिणेचं ऊन धरून गोठे बांधले, त्यांना आता सगळं उलटं शिकायचं होतं. गहू काढायचा तोही नाताळाच्या सुमाराला, घाम पुसत. पण शेतकरी माणूस आभाळाशी जुळवून घेतो. खरी गंमत जमिनीत होती.

सिडनीच्या आसपासची जमीन म्हणजे वालुकाश्माचा भुगा. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने धुऊन धुऊन तिच्यातलं सत्त्व निघून गेलेलं, फॉस्फरस तर नावालाच. १७८८ मध्ये आलेली पहिली गोरी वसाहत त्या मातीवर उपाशी मरायला टेकली होती. मग त्यांना हॉक्सबरीचा काठ दिसला. काळीभोर, भुसभुशीत, हात घातला तर कोपरापर्यंत जावा अशी गाळाची जमीन! १७९४ पासून तिथे भराभर शेतं पडली. ‘कोरोमांडेल’ची कुटुंबंही वर्षभरात नदीकाठी पोर्टलंड हेड नावाच्या भागात पोचली. प्रत्येकी साधारण शंभर एकर. स्कॉटलंडमधल्या कुळाच्या डोळ्यांत पाणी यावं इतकी जमीन.

आता मला सांगा, आजूबाजूला सगळी रेताड जमीन असताना एवढ्याच पट्ट्यात ही काळी माती आली कुठून?

“नदीने आणली,” ओवी म्हणते. शाबास. पण नदी तर खाली वाहते, काठाच्या पार खाली. मग माती काठावर कशी चढली? त्यासाठी नदीला वर यावं लागतं ना? त्या मातीचा प्रत्येक थर म्हणजे एक पूर. चांगली माती बघून जो तिथे उतरला, तो पुराच्याच अंथरुणावर झोपला.

आणि याची खूण डोळ्यांसमोर होती. १७८९ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर फिलिप होडीतून ही नदी बघायला गेला, तेव्हा काठच्या झाडांत त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. तिथे कॅस्युअरिनाची झाडं असतात, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरूची भावंडं. त्यांच्या बेचक्यांत ओंडके, काटक्या आणि वाळलेलं गवत अडकलेलं होतं. पाण्यापासून तीस-चाळीस फूट उंच! पक्ष्यांची घरटी ओंडक्यांची नसतात. फिलिपच्या लोकांनी बघितलं, वहीत लिहिलंही. पाच वर्षांनी त्याच नदीकाठी जमिनी वाटल्या गेल्या.

१७९९च्या पुराआधी तर मूळच्या लोकांनी शेतकऱ्यांना बजावलं होतं की पाणी येतंय, अशी त्या काळची नोंद आहे. शेतकऱ्यांनी वर बघितलं. ढग नाही, पाऊस नाही. कशाला हलायचं? पण पाऊस त्यांच्या डोक्यावर पडायची गरजच नव्हती. या नदीत सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचं पाणी येतं. आपल्या अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा मोठा प्रदेश झाला हा. दूर डोंगरात धो धो कोसळलं की इकडे कोरड्या आभाळाखाली नदी फुगते.

त्या मातीत आणखी एक लबाडी लपलेली होती. पाणी काठ ओलांडतं तेव्हा काय होतं, नीट बघा. पात्रात ते जोरात धावत असतं, रेती आणि गाळ उचलून नेत असतं. काठावर चढलं की त्याचा वेग एकदम मोडतो. वेग मोडला की हातातलं ओझं सुटतं. जड रेती आधी, तिथल्या तिथे काठावर. बारीक चिकण गाळ मात्र तरंगत मागे जातो आणि सावकाश खाली बसतो. असे शेकडो पूर झाले की काठ उंच होत जातो, आणि काठामागची जमीन त्या मानाने सखल राहते. तिथे तळी आणि दलदल साचते. म्हणजे नदीला अगदी लागून असलेली जागाच सगळ्यांत उंच! नवख्या माणसाला वाटतं, झकास, इथेच घर बांधू. उंचही आहे, पाणीही जवळ आहे आणि धान्य न्यायला होडी दारात.

मग नदी चढते. काठावरून ती आत येत नाही, काठ उंच आहे ना. ती खाली, ओढ्याच्या तोंडातून आत शिरते. ओढे उलटे वाहायला लागतात! पाणी गुपचूप मागच्या सखल भागात भरत जातं. शेतकरी दारात उभा राहून समोरच्या नदीवर नजर ठेवून असतो, म्हणतो, अजून दोन हात बाकी आहेत. आणि त्याच्या पाठीमागे, टेकडीकडे जाणारी वाट कधीच बुडालेली असते. घराचं बेट होतं. नंतर बेटही राहत नाही.

१८०६च्या मार्चमध्ये हेच झालं. गहू डिसेंबरात कापून गंज्या रचलेल्या होत्या, मका शेतात उभा होता. दोन्ही गेलं. गंज्या पाण्यावर तरंगत निघाल्या, त्यांच्यावर डुकरं, कोंबड्या आणि माणसंसुद्धा. एक कुटुंब बार्लीच्या गंजीवर बसून कित्येक मैल वाहत गेलं आणि होडीवाल्यांनी त्यांना उचललं. छपरांवर, झाडांवर बसलेल्या लोकांना होड्या रात्रभर काढत होत्या. सगळ्या वसाहतीचं धान्याचं कोठार हा एकच नदीकाठ. सिडनीत पावाचा भाव भडकला, शिधा कापला गेला. ‘कोरोमांडेल’मधून आलेल्यांची शेती तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती.

पण पूर तर स्कॉटलंडमध्येही येतात. ही नदीच इतकी का चढते? आपल्या जुन्या घरातली मोरी आठवा. लग्नघरात तीन-चार जणी एकदम बादल्या ओततात, आणि बाहेर जायला भोक एकच, तेही बोटभर. पाणी घोट्यापर्यंत येतंच. हॉक्सबरीचं तसंच आहे. वॉरगांबा, नेपियन, ग्रोझ, साउथ क्रीक, सगळ्या येऊन विंडसर गावाभोवतीच्या सपाट मैदानात पाणी ओततात. आणि मैदानाच्या खालच्या टोकाला, सॅकव्हिलजवळ, नदी एकदम अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे. जेवढं येतं तेवढं तिथून निघतच नाही. वर आणखी, कोलो नावाची नदी त्या घळीतच येऊन मिळते आणि उरलीसुरली वाट अडवते. मग पाणी मागे मागे तुंबत जातं. आमची कुटुंबं उतरली होती ते पोर्टलंड हेड या घळीच्या तोंडाशीच आहे.

ही घळ आली कशी? मैदानाखाली शेल नावाचा मऊ खडक आहे, तो झिजून रुंद सखल भाग झाला. पूर्वेकडे मात्र जाड, कणखर वालुकाश्म, तोही हळूहळू वर उचलला गेलेला. नदी आधीपासून वाहत होती. खडक वर येत गेला आणि ती करवतीसारखी तिथेच खाली कापत राहिली. वाट बदलली नाही, पण रुंद करायला सवडही मिळाली नाही. मग वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. नदीने घळ आणखी खोल कोरली. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि खालची अख्खी दरी बुडवून आत घुसला. १८८९ मध्ये समुद्राजवळ या नदीवर रेल्वेचा पूल बांधला, तेव्हा पायाला खडक लागेना. एका खांबासाठी पंचेचाळीस मीटरहून खोल, चिखलातून खाली जावं लागलं. जगातला त्या वेळचा सगळ्यांत खोल पाया! ती बुडालेली दरी होती.

म्हणून आज भरती-ओहोटीची धडधड समुद्रापासून नदीच्या वाटेने शंभराहून जास्त किलोमीटर आत, विंडसरपर्यंत जाणवते. म्हणजे विंडसरजवळचं नेहमीचं पाणी जवळपास समुद्राच्याच पातळीला. आता सांगा, उतारच नाही तर पुराचं पाणी घाईने जाईल कसं?

सोहम विचारतोय, धारुग लोक मग काय करायचे? ते काठावर घर बांधत नसत, काठावरचं खात असत. त्याच मऊ मातीत रानटी कोनफळासारखा कंद यायचा. खोदायचा, खायचा, पूर आला की वर जायचं. कंदांसाठी खोदलेल्या जागा फिलिपच्या लोकांनीही पाहिल्या होत्या. शेतकऱ्यांनी मका लावला तो नेमका कंदांच्या जागी. मग उपाशी माणसं मका तोडायला लागली आणि शेतकरी बंदुकी चालवायला लागले. १८०४ मध्ये काही जणांनी गव्हर्नर किंगला सांगितलं की आम्हाला नदीवरून हाकलत नेलंय, निदान खालचा काठ तरी ठेवा. किंगला ते पटलं, त्याने शब्द दिला. तो टिकला नाही. खालचाही काठ गेला. आपली स्कॉटिश कुटुंबं कष्टाळू होती, देवभोळी होती, सगळं खरं. पण त्यांना फुकट मिळालेली जमीन कुणाची तरी होती, हे गोष्टीतून गाळलं तर ती गोष्ट खोटी होते.

१८०९ मध्ये त्यांनी एबेनेझर नावाच्या ठिकाणी वर्गणी काढून वालुकाश्माचं छोटंसं चर्च बांधलं. त्यातच मुलांची शाळा. नदीवरच्या उंचवट्यावर बांधलं, हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातलं उभं असलेलं सगळ्यांत जुनं चर्च ते हेच, आणि अजून तिथे प्रार्थना होते. पण देवाला उंचावर ठेवून माणसं मात्र खालीच राहिली.

१८१०ला नवा गव्हर्नर आला, लॅकलन मॅक्वारी. तोही स्कॉटिश, उल्वा नावाच्या बेटावरचा. आणि हा आपल्या ओळखीचा निघतो! तो पलटणीबरोबर बरीच वर्षं मुंबईत होता. पहिलं लग्न मुंबईत, आणि ती बायको मकावला वारली तरी तिला दफन केलं मुंबईतच. पावसाळा बघितलेला माणूस. नदीकाठ फिरून आला आणि त्याच डिसेंबरात उंच जागी पाच गावं आखली: विंडसर, रिचमंड, पिट टाउन, विल्बरफोर्स, कॅसलरे. खाली शेती करा, वर राहा, धान्य वर ठेवा. हिशेब अगदी बरोबर. आणि याच मॅक्वारीने १८१६ मध्ये मूळच्या लोकांवर सैनिक धाडले. अ‍ॅपिनला रात्रीच्या अंधारात निदान चौदा जण मारले गेले, त्यांत बायका-मुलं होती. हेही त्याच माणसाच्या खात्यात.

शेतकरी वर गेले का? फारसे नाहीत. १८१७ मध्ये मॅक्वारीने जाहीर हुकूम काढून त्यांना चांगलं खडसावलं. पण मला त्यांचंही कळतं. गाय खाली, शेत खाली, रात्री मका कोण राखणार? घरापासून शेतापर्यंत रोज दोन-तीन मैल चालणाऱ्या बाईला विचारा, तिला पूर जवळचा वाटतो की पहाटेचं दूध.

नंतर नदीनेच फसवलं. १८१९नंतर जवळजवळ चाळीस वर्षं मोठा पूर नाही. त्या भागातलं हवामान असंच आहे. कधी दशकं कोरडी, कधी पाठोपाठ ओली, प्रशांत महासागराच्या पाण्याची ऊब कुठे सरकते त्यावर बरंचसं ठरतं. पुराची गोष्ट सांगणारे म्हातारे गेले. आणि १८६७च्या जूनमध्ये विंडसरला पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १९ मीटरच्या वर चढलं. सहा मजले धरा. मॅक्वारीचं उंच विंडसरसुद्धा बेट झालं, त्याच्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. खाली कॉर्नवॉलिसच्या मळ्यांत ईदर नावाच्या दोन भावांची कुटुंबं छपरावर चढून बसली होती. रात्री छप्पर सुटलं. दोघांच्या बायका आणि दहा मुलं, बारा जण गेले. आणि भूशास्त्रज्ञांना नदीच्या वरच्या भागातल्या दुसऱ्या एका घळीत त्याहूनही उंच पुराचा जुना गाळ सापडलाय.

१९६०ला वॉरगांबावर धरण झालं, पण ते सिडनीच्या पिण्याच्या पाण्यासाठी. भरलेलं धरण पूर काय अडवणार? २०२१ला पाणी विंडसरला तेरा मीटरच्या आसपास गेलं, २०२२ मध्ये तर मार्च आणि जुलै, दोन्हीदा त्याच्याही वर. आता तिथे हजारो लोक राहतात. घर कोरडं असतानाच “निघा” असा आदेश येतो, आणि नवे रहिवासी चिडतात, की अंगणात थेंब नाही आणि हे काय! पण आधी बुडतो तो रस्ता, मागचा, सखल भागातला. तो गेला की गाडी असून उपयोग नाही.

“मग लोक राहतात कशाला तिथे?” ओवी, राहतात कारण माती अजूनही तशीच आहे. सिडनीची भाजी पिकते तिथे, आणि सिडनीच्या बंगल्यांपुढे अंथरायची हिरवळही. गालिच्यासारखी गुंडाळी करून विकतात. पूर ओसरला की शेतकरी चिखल खरवडतात, शिव्या घालतात आणि पुन्हा बी पेरतात.