प्रवासी निसर्गअभ्यासकांची भूशास्त्रीय रेखाटने : दृश्यचित्राकडून छेदचित्राकडे

प्रस्तावना :
वनस्पती वाळवून आणि खनिजे पेटीत भरून दूरच्या संग्रहालयात नेता येतात. डोंगर मात्र नेता येत नाही. दगडाचा तुकडा सोबत आणला तरी तो कोणत्या थराच्या वर अथवा खाली होता, हे त्या तुकड्यावरून कळत नाही. भूशास्त्रात तर हा परस्परसंबंधच निर्णायक असतो. त्यामुळे अठराव्या शतकातील युरोपीय प्रवासी निसर्गअभ्यासकांना चित्राचा आधार घ्यावा लागला. ही चित्रे बहुधा ग्रंथाची शोभा म्हणून पाहिली जातात. वस्तुतः ती शास्त्रीय वादात मांडलेला पुरावा होती. मार्टिन रडविक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात भूशास्त्राच्या ‘दृश्यभाषे’चा उदय विशद केला आहे. प्रस्तुत लेखात त्या भाषेच्या आरंभकाळातील तीन उदाहरणांच्या आधारे रेखाटनाचे कार्य कसे बदलत गेले, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. न पाहिलेल्या स्थळाचा पुरावा :
आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे येथे बहुकोनी दगडी खांबांच्या रांगा समुद्रात उतरत गेलेल्या आहेत. सुझाना ड्ररी या चित्रकर्तीने या स्थळाची अत्यंत काटेकोर चित्रे काढली. १७४० मध्ये तिला डब्लिन सोसायटीचे पारितोषिक मिळाले. पुढे या चित्रांवरून ताम्रपट कोरले गेले व त्यांचे ठसे युरोपभर पोहोचले. फ्रान्समध्ये निकोलस देमारे यांनी १७६३ मध्ये ओव्हर्न्य प्रांतात प्रवास करताना तसेच खांब पाहिले होते. तेथे त्यांचा संबंध जुन्या लाव्हाप्रवाहाशी जोडता येत होता. १७६८ मध्ये फ्रेंच विश्वकोशाच्या चित्रखंडात ड्ररीचे चित्र छापले गेले, तेव्हा त्याखालील टिपणात देमारे यांनी अशा रचना ज्वालामुखीजन्य असाव्यात, असे मत मांडले. हा खडक म्हणजे बसाल्ट. महाराष्ट्रात आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तोच. बसाल्ट पाण्यात साचून तयार झाला की अग्नीतून, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. त्या वादात एका चित्रकर्तीच्या निरीक्षणाला पुराव्याचे स्थान मिळाले, ही बाब लक्षणीय आहे.

२. काळाची नोंद करणारे चित्र :
विल्यम हॅमिल्टन हे १७६४ पासून नेपल्स येथे ब्रिटिश राजदूत होते. व्हेसुव्हियस पर्वतावर ते वारंवार चढत व त्याचे सातत्याने निरीक्षण करीत. त्यांच्या देखरेखीखाली पिएत्रो फाब्रिस यांनी काढलेली ५४ हाताने रंगविलेली चित्रे ‘कांपी फ्लेग्रेई’ या १७७६ च्या ग्रंथात समाविष्ट आहेत. उद्रेकांच्या भव्य दृश्यांइतकीच त्यांतील एक साधी आकृती महत्त्वाची आहे. १७६७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात विवरातील लहान टेकडी कशी वाढत गेली, हे शिखराच्या बाह्यरेषांवरून तीत दाखविले आहे. पर्वत हा अचल नसून तो साचत जाणारा पदार्थ आहे, हा विचार वाचकाला येथे डोळ्यांनी तपासता येतो.

३. पृष्ठभागाखाली जाणारे चित्र :
स्कॉटलंडचे जेम्स हटन यांच्या प्रवासांत त्यांचे मित्र जॉन क्लार्क हे रेखाटनकार म्हणून सहभागी होत. १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट येथे ग्रॅनाइटच्या शिरा इतर खडकांत घुसलेल्या आढळल्या. ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेल्या स्थितीत होता, या हटन यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले. १७८७ मधील जेडबर्गचे क्लार्क यांचे चित्र तर विशेष बोलके आहे. वर रस्ता, घोडागाडी व घोडेस्वार. त्यांच्या खाली आडवे थर. आणि त्याही खाली उभे झालेले जुने थर. खालचे थर साचले, उभे झाले, झिजले आणि मग त्यांवर नवे थर बसले, असा दीर्घ इतिहास एकाच चौकटीत उलगडतो. हे चित्र वरच्या भागात दृश्यचित्र आहे, तर खालच्या भागात छेदचित्र.

हे चित्र हटन यांच्या १७९५ च्या ग्रंथात छापले गेले. परंतु क्लार्क यांची बरीचशी रेखाटने अप्रकाशित राहिली. ती १९६८ मध्ये क्लार्क घराण्याच्या संग्रहात सापडली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजेच सुमारे पावणेदोनशे वर्षे हटन यांचा सिद्धान्त त्याच्या बहुतांश चित्रमय पुराव्याविना वाचला गेला.

छेदचित्राचे सामर्थ्य हीच त्याची मर्यादाही होय. दृश्यचित्र पाहिलेले दाखविते. छेदचित्र न दिसणारा भागही दाखविते. नदीकाठी उघडा पडलेला थर हे निरीक्षण असते, दोन काठांमधील त्याचे सातत्य हा तर्क असतो. परंतु कागदावर दोन्ही सारख्याच रेषेने उमटू शकतात.

निष्कर्ष :
१. आरंभीच्या भूशास्त्रात रेखाटन हे सजावट नसून दूरस्थ अभ्यासकांसाठी पुरावा होते.
२. या पुराव्याच्या निर्मितीत ड्ररी, फाब्रिस व क्लार्क यांच्यासारख्या चित्रकारांचा वाटा मोलाचा आहे. सिद्धान्तकारांच्या नावांसोबत त्यांचीही नोंद होणे आवश्यक आहे.
३. दृश्यचित्राकडून छेदचित्राकडे झालेली वाटचाल ही निरीक्षणाकडून अनुमानाकडे झालेली वाटचाल आहे. आज विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा असला तरी क्षेत्रभेटीत रेखाटन करून घेण्याचे महत्त्व कमी होत नाही. कारण रेखाटन करताना काय पाहिले आणि काय गृहीत धरले, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते.