पाचाच्या आत नाही, दहाच्या पुढे नाही

वर्धा शहराला खेटून वाढलेल्या गावांपैकी एक म्हणजे पिपरी (मेघे). सावंगी, बोरगाव, सिंदी ही शेजारची गावंही असंच कंसात ‘मेघे’ लावतात. इथून सेवाग्राम आणि पवनार दोन्ही इतकी जवळ, की सकाळी निघालेला माणूस दोन्ही आश्रम पाहून जेवायला घरी परततो. गांधी-विनोबांचा मुलूख म्हणून हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. बौद्ध ध्यानसाधना मराठी माणसाच्या दारापर्यंत पोचली, त्या वाटेवरचे दोन महत्त्वाचे टप्पेही याच दोन आश्रमांत आहेत, हे मात्र वर्धेकरांनाही सहसा आठवत नाही.

कोसंबींची वाट

पहिला टप्पा सेवाग्रामचा. धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या सांखवाळचे, जन्म १८७६चा. बुद्धाच्या ओढीने घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे हिंडले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात प्रव्रजित झाले. तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंच्या सहवासात ध्यानाला बसले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे थेरवादी साधनेचा कोशच. ध्यानाचे चाळीस विषय त्यात सांगितले आहेत. ही सामग्री पंडितांपुरती राहू नये म्हणून कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ हे छोटं पुस्तक मराठीत लिहिलं.

अखेरच्या दिवसांत शरीर थकलं, तेव्हा त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवायचं ठरवलं. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण सांगितली.

श्वास मोजायचा कसा?

विसुद्धिमग्गातली आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची, रीत अगदी व्यवहारी आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास सुरुवातीला मोजायचा. मोजणी पाचाच्या आत थांबवायची नाही आणि दहाच्या पुढे न्यायची नाही. फार लवकर थांबलं तर मन कोंडल्यासारखं होतं; फार पुढे गेलं तर श्वास बाजूला राहतो आणि आकड्यांचाच नाद लागतो. मन थोडं बसलं की मोजणं सोडून श्वासाची नुसती सोबत करायची. मग नाकाच्या टोकाशी किंवा वरच्या ओठावर जिथे श्वास लागतो, तिथे लक्ष ठेवायचं. बुद्धघोष इथे करवतीचा दाखला देतात. सुतार लाकडाला करवतीचे दात लागतात तिथे पाहतो. येणाऱ्या-जाणाऱ्या दातांमागे नजर फिरवत नाही, तरी ते येतात-जातात हे त्याला कळत असतं.

श्वास हे फक्त दार. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी चार क्षेत्रं सांगितली आहेत. पाय दुखला तर ‘दुखतं आहे’, राग आला तर ‘राग आहे’ एवढंच जाणायचं. त्याला हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही. आलेली गोष्ट जाते, हे ऐकून मानण्याऐवजी स्वतः पाहायचं. हीच विपश्यना.

विनोबांची अट

दुसरा टप्पा पवनारचा. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात आले. पहिलं शिबिर त्यांनी त्याच वर्षी जुलैत मुंबईत घेतलं. पुढे पवनारला त्यांची विनोबांशी भेट झाली. विनोबा स्वतः धम्मपदाची नवी मांडणी करणारे. त्यांना बुद्धाचं वावडं नव्हतं. तरी त्यांनी अट घातली, असं गोएंका सांगत: शाळेतल्या मुलांत आणि तुरुंगातल्या कैद्यांत फरक पडला तर ही विद्या खरी मानीन.

गोएंकांनी ती मनावर घेतली. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिबिर झालं. १९९४ साली तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी बसले. महाराष्ट्र शासनाने २०१२ पासून ‘मित्र उपक्रमा’तून शाळांमध्ये आनापान नेलं. १९७६ साली इगतपुरीला सुरू झालेलं धम्मगिरी आज जगभरच्या साधकांचं केंद्र आहे. नागपूरकडे माहूरझरीला ‘धम्म नाग’ आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. पंचशील आणि आर्यमौन पाळायचं, रोज सुमारे दहा तास बसायचं. पहिले साडेतीन दिवस निव्वळ श्वास, मग विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्री. फी नसते, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो.

तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत ताणमुक्तीचा अभ्यासक्रम बांधला, आणि ‘माइंडफुलनेस’ या नावाने हीच सजगता मोबाइलच्या अ‍ॅपपर्यंत पोचली. ताण कमी होतो, हा फायदा खराच. पण शीलाचा पाया काढून घेतला तर साधना निव्वळ विश्रांती होऊन बसते. विनोबांच्या अटीचं मोल इथे कळतं. डोळे मिटल्यावर काय दिसलं हे त्यांनी विचारलंच नाही. उठल्यावर माणूस वागतो कसा, एवढंच विचारलं.

विदर्भातल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचनाआधी पंधरा मिनिटं आनापान ठेवलं तर वेगळा खर्च नाही, वेगळी जागाही लागत नाही. घरी बसणाऱ्याने पाठ सरळ ठेवावी, श्वास मुद्दाम ओढू नये आणि मन भटकलं की चिडचिड न करता पुन्हा एकपासून मोजावं. गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर लांबच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि अर्जात ते लपवू नये. महिनाभर नेमाने बसा. मग फरक पडला का, हे स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा.