खिडकीभोवतीची फट : जुन्या घरांच्या उष्णतारोधनातील एक प्रश्न

जुन्या घरात नवी खिडकी बसविली म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंना थोडीफार जागा मोकळी राहते. हा कारागिराचा दोष नव्हे. भिंत काळाच्या ओघात खचलेली व कडांना झिजलेली असते, तर नवी चौकट काटकोनात तयार होऊन आलेली असते. शिवाय दोहोंचे प्रसरणही सारखे नसते. दीड मीटर उंचीची पीव्हीसीची चौकट ४० अंश सेल्सियसच्या तापमानभेदाने सुमारे ४ मिलिमीटर लांबते. तेवढ्याच उंचीची विटांची भिंत अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. तेव्हा फट ठेवणे आवश्यकच ठरते. प्रश्न उरतो तो ती कशाने व कशी भरावी, हा. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु घराची ऊब, लाकडाचे आयुष्य आणि प्रसंगी राहणाऱ्यांचे प्राणही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

जुन्या चौकटीची रचना

या प्रश्नाचे स्वरूप इंग्लंडमधील अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील घरांत विशेष स्पष्टपणे दिसते. तेथील खिडक्यांच्या झडपा वरखाली सरकणाऱ्या असत. झडपेचा भार तोलण्यासाठी ओतीव लोखंडाची वजने कप्पीवरून दोरीने सोडलेली असत आणि ती दोन्ही बाजूंच्या पोकळ लाकडी पेट्यांत खालीवर होत. लंडनमधील १७७४ च्या इमारतविषयक कायद्याने या पेट्या बाहेरच्या विटांच्या थराआड बसविणे बंधनकारक केले. लाकडाला लागणारी आग पसरू नये, हा त्यामागील हेतू होता. आज अशी खिडकी काढून नवी बसविताना पेट्या तशाच ठेवल्या, तर भिंतीत दोन उभ्या पोकळ्या राहतात. काढल्या, तर विटांच्या थराआड हाताची बोटे जातील एवढी रुंद फट निर्माण होते. दोन्ही प्रसंगी आतून गिलावा व लाकडी पट्टी बसली की दोष दृष्टीआड होतो. नाहीसा मात्र होत नाही.

हवा आणि उष्णता

१.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच अशा खिडकीचा परिघ ५.४ मीटर होतो. तिच्याभोवती केवळ १ मिलिमीटरची फट राहिली, तरी तिचे क्षेत्रफळ ५४ चौरस सेंटिमीटर भरते; म्हणजे भिंतीला तळहाताएवढे भोक पाडल्यासारखेच होय. या भोकातून हवा ढकलण्यास फार मोठा दाब लागत नाही. घरात २० अंश व बाहेर ० अंश तापमान असता, पाच मीटर उंचीच्या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेतील फरकामुळेच सुमारे ४ पास्कल दाबभेद उत्पन्न होतो. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे १५ पास्कल असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, खनिज लोकरीची सुमारे ०.०४, तर पाइनसारख्या लाकडाची सुमारे ०.१३ असते. या आकड्यांवरून फटीत लोकर कोंबली की काम झाले, असे वाटते. परंतु लोकरीचा गुण तिच्यात अडकलेल्या हवेच्या स्थिरतेत आहे. लोकर हवेला गाळते, अडवीत नाही. तिच्यातून वारा वाहू लागला की तो गुण बहुतांशी लोपतो. म्हणून उष्णता रोखणे आणि हवा रोखणे ही दोन निरनिराळी कामे मानली पाहिजेत.

बाष्प आणि पाणी

२० अंशांस एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ० अंशास ५ ग्रॅमपेक्षाही कमी. घरातील हवा २० अंश व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे ९ अंश येतो. ही हवा फटीतून बाहेर झिरपताना वाटेत याहून थंड लाकूड किंवा वीट भेटली की तिच्यातील पाणी तेथेच साचते. हिवाळाभर ही क्रिया चालली म्हणजे प्रथम बुरशी येते व पुढे लाकूड कुजते. आणि ते पट्टीआड असल्याने फार उशिरा कळते.

यावरून थंड प्रदेशांसाठी एक नियम निघतो आणि जर्मनीतील बांधकामपद्धतीत तो सूत्ररूपाने रूढ आहे : आतील बाजू बाहेरील बाजूपेक्षा अधिक घट्ट असावी. आतल्या कडेला हवा व बाष्प अडविणारा अखंड सांधा, मध्ये उष्णतारोधक भरण, आणि बाहेर पाऊस परतविणारे परंतु बाष्पाला वाट देणारे आवरण, असा हा क्रम आहे. चुन्यात बांधलेली जुनी भिंत पावसात भिजते व वाऱ्याने वाळते. बाहेरून सिमेंटने वा अभेद्य सीलंटने सर्व बाजू बंद केल्यास आत शिरलेले पाणी आतच कोंडते. जुने कारागीर या ठिकाणी जवसाचे तेल व वाळू यांची लांबी, ताग आणि चुना वापरीत, त्यात या दृष्टीने मोठे व्यावहारिक शहाणपण होते.

फोम व त्याच्या मर्यादा

पॉलियुरेथेनचे रसायन ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत विकसित केले. त्याचाच डब्यातून फवारला जाणारा फोम हवेतील ओलावा शोषून घट्ट होतो, वेड्यावाकड्या फटीत शिरतो आणि हवा व उष्णता दोन्ही अडवितो. तथापि फुगताना तो चौकटीवर दाब देतो. प्रसरण अधिक असल्यास चौकट आत वाकते व झडप अडकते. म्हणून कमी प्रसरणाचा फोम थोडथोडा भरावा लागतो. सूर्यप्रकाशात तो ठिसूळ होतो, तेव्हा त्यावर आच्छादन हवे. आणि तो ज्वलनशील आहे.

अग्नीचा प्रश्न

या शेवटच्या गुणाचे गांभीर्य लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या दुर्घटनेने जगापुढे मांडले. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या या चोवीस मजली निवासी इमारतीचे नूतनीकरण २०१६ मध्ये संपले. त्यात नव्या खिडक्या जुन्या जागेहून बाहेर, नव्या आच्छादनाच्या पातळीत बसविल्या गेल्या. त्यांच्याभोवती राहिलेल्या फटींत ज्वलनशील उष्णतारोधक भरून आतून पीव्हीसीच्या फळ्या लावल्या गेल्या. १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात आग लागली. उष्ण धुराने खिडकीच्या बाजूची पीव्हीसीची फळी वितळून ढासळली आणि आगीला बाहेरील आच्छादनामागील पोकळीत वाट मिळाली, असा संभाव्य निष्कर्ष चौकशीच्या ऑक्टोबर २०१९ मधील पहिल्या अहवालात नोंदविला आहे. पुढे आग इमारतभर पसरण्याचे मुख्य कारण पॉलिएथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे हे होते. ७२ माणसे मृत्युमुखी पडली. १७७४ च्या कायद्याने खिडकीच्या कडेविषयी घेतलेली सावधगिरी अडीचशे वर्षांनंतर त्याच शहरात विसरली गेली, असे म्हणणे प्राप्त होते.

नियमाची मर्यादा

घट्टपणाचीही एक किंमत असते. जुन्या घरांचे वायुवीजन पुष्कळदा या फटींवरच चाललेले असते. फटी बुजताच आर्द्रता आत साठते. म्हणूनच इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून, खिडकी बदलल्यामुळे घराचे वायुवीजन पूर्वीपेक्षा घटणार नाही, अशी व्यवस्था करणे आवश्यक झाले आहे.

तसेच ‘आत अधिक घट्ट’ हे सूत्र सर्वत्र लागू पडणारे नव्हे. मुंबईत पावसाळ्यात बाहेरील हवा ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेची असता तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित खोलीचे तापमान २४ अंश ठेवल्यास बाष्पाचा प्रवाह बाहेरून आत होतो आणि पाणी आतल्या थंड कडेशी साचते. तेथे हवा व बाष्प अडविणारा थर बाहेरच्या बाजूस हवा.

सारांश, खिडकीभोवतीची फट ही भरून टाकावयाची रिकामी जागा नसून तो भिंतीचा एक स्वतंत्र घटक आहे. काय भरावे, हे ठरविण्यापूर्वी तेथे काय अडवावयाचे, कशाला वाट द्यावयाची आणि आग लागल्यास तो पदार्थ कसा वागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत.