गच्चीवर मोजलेली संक्रांत

मागच्या हिवाळ्यात रात्री जेवताना आमची सहावीतली धाकटी सहज म्हणाली, "आई, आपली संक्रांत चुकीच्या दिवशी असते. उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू होतं, भूगोलात आहे." आजीची तव्यावरची पोळी जरा जास्तच भाजली गेली. मी घाईघाईने "अगं, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" वगैरे सारवासारव केली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हे पटलेलं नाही. पटणार कसं? दरवर्षी तिळगूळ हातावर ठेवताना 'आजपासून दिवस मोठा होऊ लागतो' हे मीच तिला सांगत आले होते.

मुलगी बरोबर होती. सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त जाऊन परत फिरतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. मकर राशीत जातो तो १४ किंवा १५ जानेवारीला. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच दिवशी घडत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो, एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून ठरणारी संक्रांत ऋतूंच्या मागे पडत जाते, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. आता हे अंतर चोवीस दिवसांच्या आसपास आहे. पानिपतावर संक्रांत कोसळली असं आपण म्हणतो. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पण आजच्या गणिताने मागे मोजत गेलं तर त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या सुमारास मकरेत गेला होता!

बरं, हा वाद काही शाळेतल्या मुलांनी काढलेला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकातच पंचांग ऋतूंशी जुळवून घ्यावं असा आग्रह धरला होता. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. आणि मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरलाच सुरू होतो. ती दिनदर्शिका कुणाच्या स्वयंपाकघरात लटकलेली मात्र मी पाहिली नाही.

हे सगळं वाचून काढल्यावर मी लेकीला म्हटलं, पुस्तकावर नको, माझ्यावरही नको, आपण मोजूया. त्यासाठी भोपाळसारखी जागा नाही. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला अगदी जवळून जातं, विदिशाच्या रस्त्यावर त्याची खूण आहे, तिथे थांबून फोटो काढला नाही असं कुटुंब विरळाच. म्हणून २१ जूनला भर दुपारी इथे सावली जवळजवळ नाहीशी होते. आणि २२ डिसेंबरला? एक मीटरची काठी सरळ उभी केली तर तिची दुपारची सावली काठीपेक्षा लांब पडते, सुमारे १०६ सेंटिमीटर.

आम्ही झाडूचा जुना दांडा बरोबर एक मीटर कापला आणि गच्चीवर उभा केला. दोरीला नट बांधून ओळंबा केला. (गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, सपाट कोपरा शोधा.) भोपाळची खरी दुपार घड्याळात बाराला होत नाही. डिसेंबरात ती १२ वाजून १९ मिनिटांच्या सुमारास असते आणि संक्रांतीला साडेबाराला. बारापासून दर पाच मिनिटांनी खडूने सावलीचं टोक आखायचं, सगळ्यात आखूड सावली ती दुपारची. कड पुसट असते, एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच. २२ तारखेला शाळा असेल तर जवळचा रविवार चालतो, त्या दिवसांत सावली जवळपास तेवढीच राहते.

ज्यांना जमेल त्यांनी मुलांना उज्जैनला घेऊन जावं. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली तिथली वेधशाळा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिथे अधीक्षक होते. शंकुयंत्राची सावली २२ डिसेंबरला मकररेषेवरून सरकते, ते पाहायला मजा येते.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुलांना जगातली इतर घरंही दाखवली. इराणात या रात्रीला यल्दा म्हणतात, लोक डाळिंबं आणि कलिंगड खात जागतात. इंग्लंडात स्टोनहेंजपाशी सूर्योदय पाहायला गर्दी होते, आणि स्वतःला 'पेगन' म्हणवणारी, निसर्गपूजा करणारी कुटुंबं घरात दिवे लावून 'यूल' साजरं करतात. आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आपणही आज पणती लावू की." आम्ही लावली. खायला मात्र मुरैनाची गजक होती. तिळगूळ संक्रांतीलाच, यावर आजी ठाम होती आणि तिचं बरोबरच होतं. ओला हरभरा, बोरं, ऊस, गाजरं, सुगडात घालायचं सगळं जानेवारीत जसं भरघोस मिळतं तसं डिसेंबरात नाही. भोगीची भाजी पंचांगापेक्षा मंडईवर जास्त अवलंबून असते.

१४ जानेवारीला गुळाच्या पोळ्या लाटायच्या राहिल्या, कारण सगळे गच्चीवर. शेजारच्या मुलांची गिल्ली आमच्या गच्चीवर येऊन पडली, तीही दांड्याभोवती उभी राहिली. सावली आली ९९ सेंटिमीटर, काठीहून किंचित आखूड. डिसेंबरची खडूची रेघ पुसट झाली होती पण दिसत होती, दोन रेघांमध्ये चार बोटांचं अंतर.

मग धाकटीने वहीतल्या वेळा काढल्या. दिवस एकूण आठेक मिनिटांनीच वाढला होता. सकाळ तर उलट उशिरा होत होती, सूर्य डिसेंबरात सातच्या आत उगवायचा तो आता सातनंतर. पण मावळायचा पाच चाळीसला, तो आता पाच पंचावन्नला. "म्हणजे खेळायला पंधरा मिनिटं जास्त," तिने हिशोब केला. आजी म्हणाली, "तिळातिळाने वाढतो म्हणतात तो असा."

यंदा दांडा जपून ठेवलाय. पुतण्याचं पहिलं बोरन्हाण आहे, आणि धाकटीचं म्हणणं आहे की हलव्याचे दागिने घालून तोही एकदा काठीशेजारी उभा राहायला हवा, त्याची सावली मोजायची आहे.