बंदर राजापूरला, फुटबॉल कोल्हापूरला

राजापूरच्या इंग्रजांनी घाटावर नेलेली पहिली गोल वस्तू म्हणजे तोफेचा गोळा. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराज गडावर अडकले. तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली हजर झाला. इंग्रजांचं निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने नसत्या उठाठेवी करू नयेत, हे महाराजांनी त्याला पुढच्याच वर्षी राजापुरात येऊन समजावलं. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैदेत पडले. नंतर इंग्रजांनी वखार पुन्हा थाटली खरी, पण तिच्यात पूर्वीचा जीव राहिला नाही आणि शतक सरायच्या आत ती बंदच पडली. त्यांचं सगळं लक्ष मुंबईकडे लागलं.

फुटबॉलवरच्या लेखात हे कशाला? कारण फुटबॉल जगभर कसा पसरला याचं सर्वमान्य उत्तर ‘इंग्रजांच्या जहाजांतून’ असं आहे, आणि इंग्रजांची जहाजं महाराष्ट्रात ज्या थोड्या बंदरांत फार आधी लागली त्यांत राजापूर आहे. तरी राजापुरात फुटबॉल नाही. तो आहे घाटावर, समुद्र न पाहिलेल्या कोल्हापुरात, आणि तोही असा की मोसमात पेठेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची दुपार त्यावर जाते.

आता कुणी म्हणेल, वखारीच्या काळात फुटबॉल होता कुठे? बरोबर आहे. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती २६ ऑक्टोबर १८६३ ला. हाताने चेंडू धरून पळायचं की नाही, नडगीवर लाथ मारायची की नाही, यावर वाद घालून त्यांनी नियम लिहिले. नियम छापील झाले आणि खेळ खिशात घालून नेता येऊ लागला. चार वर्षांनी, १८६७ मध्ये, ब्युनोस आयर्समधल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तिथे सामना खेळला. जिनोआ बंदरात इंग्रजांचा क्लब १८९३ मध्ये निघाला, बिल्बाओमध्ये गोदी-कारखान्यांतल्या इंग्रजांनी स्थानिक पोरांना नाद लावला. सगळी बंदरंच.

यातली ब्राझीलची गोष्ट राजापूरकराने नीट ऐकावी. चार्ल्स मिलर हा तिथे रेल्वेत नोकरीला आलेल्या एका स्कॉटिश माणसाचा मुलगा. शिकायला इंग्लंडात, साउदॅम्प्टनला गेला आणि १८९४ मध्ये दोन चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन परतला. सॅन्टोस बंदरात उतरून तो थांबला नाही. तिथून सह्याद्रीसारखा कडा चढून इंग्रजांचीच रेल्वे वर साओ पाउलोला जात होती, कॉफीचं पीक खाली आणायला. चेंडू त्या वाटेने वर गेला, आणि ब्राझीलचा फुटबॉल साओ पाउलोत उभा राहिला.

आपल्याकडे असा घाट चढणारी रेल्वे राजापूरहून कधी निघालीच नाही. आगबोटींचा जमाना आला तोवर राजापूरची खाडी गाळाने भरत चालली होती. बोटी खाडीच्या तोंडाशी जैतापूरला लागत आणि माल पुढे छोट्या गलबतांतून येई. कोल्हापूरला मात्र रेल्वे आली १८९१ मध्ये, मिरजेकडून. मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप सुरू झाला तोही त्याच साली. राजापूर रोड स्टेशनवर गाडी थांबली ती कोकण रेल्वे झाल्यावर, नव्वदच्या दशकात, आणि स्टेशनही गावापासून चांगलंच लांब. वाहतुकीचा इतिहास एवढाच सांगितला तरी निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं कोल्हापुरात जाऊन बघावं लागतं, कारण ते रेल्वेचं नाही, तालमीचं आहे.

कोल्हापुरात पेठ तिथे तालीम. आत लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेले मुद्गल, कोपऱ्यात मारुती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, आणि तालीम हे पेठेचं नाक झालं. पण तालीम केवळ पैलवानांची कधीच नव्हती. गणपती तिथेच बसतो, मोहरमचे पंजेही तिथेच बसतात, पेठेतलं भांडण तिथेच मिटतं आणि कधी कधी तिथेच सुरू होतं. अशा ठिकाणी फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळा क्लब, वेगळं कार्यालय, वेगळे सभासद गोळा करावे लागले नाहीत. पोरं होती, ईर्षा होती, वर्गणीची वही होती.

म्हणून कोल्हापूरच्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यांच्यात शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी अशीही नावं आहेत, पण बाज तोच. जगात कुठेही फुटबॉल संघाच्या नावात कुस्तीचा आखाडा नसेल. इंग्लंडात चर्चच्या पोरांनी संघ काढले, गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांनी काढले. गोव्यात विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने १८८३ मध्ये शिवोलीला हा खेळ आणला असं सांगतात, तिथे तो पाद्र्यांच्या शाळांतून वाढला आणि पुढे धेंपो, साळगावकर अशा खाणमालकांच्या घराण्यांनी त्याला पोसलं. कोलकात्यात मोहन बागानने १९११ मध्ये बहुतेक अनवाणी खेळाडूंनिशी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकलं आणि फुटबॉल हे स्वदेशीचं काम झालं. प्रत्येक गावाने खेळ आपापल्या घरातल्या खुंटीला टांगला. कोल्हापूरची खुंटी तालमीची होती. माझं मत विचाराल तर फुटबॉलचं जागतिक होणं ते एवढंच. उरलेला जाहिरातीचा भाग आहे, आणि त्याकडे आपण येणारच आहोत.

संस्थानी काळापासून राजघराण्याचा हात या खेळाच्या पाठीवर आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘केएसए’, १९४० सालची. सामने होतात ते शहराच्या मधोमध असलेल्या शाहू स्टेडियमवर. दिवाळीनंतर खेळाडूंची नोंदणी होते, मग सोळा वरिष्ठ संघांची लीग, आणि लीगच्या मागून एकेक बाद फेरीच्या स्पर्धा, पावसाची चाहूल लागेपर्यंत. या स्पर्धांची नावं वाचली की शहराचं राजकारण कळतं. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक, महापौर चषक. निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम फुगते, हे सांगायला राजकीय विश्लेषक लागत नाही.

सामना बघायचा तर गॅलरीतल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून बघावा. ऊन उतरत असतं. खाली हिरवळीवर बावीस जण, आणि पायऱ्यांवर पेठाच्या पेठा आपापल्या ठरलेल्या जागी. चेंडू ‘डी’च्या आसपास आला की गॅलरी एकदम उभी राहते. फटका बारवरून गेला की मागच्या पायरीवरचा सत्तरीतला माणूस खेळाडूच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतो, आणि तोच माणूस पुढच्या मिनिटाला ‘नाद खुळा पास दिलास भावा’ असं ओरडतो. चेंडू जगात कुठेही गेलात तरी तोच असतो: घेर अडुसष्ट ते सत्तर सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. पण ‘पाटाकडील’ विरुद्ध ‘दिलबहार’ असेल तर त्या साडेचारशे ग्रॅममागे दोन पेठांचं वर्षभराचं उधार-उसनं असतं. सामना टायब्रेकरवर गेला तर पोलिसांची गाडी फाटकाशी येऊन थांबते. हुल्लडबाजी, दगडफेक, त्यावरून स्पर्धा थांबवणं, संघांवर कारवाई हेही कोल्हापूरने पुष्कळ पाहिलं आहे. या खेळाचं कौतुक करताना ही बाजू झाकणारे लेख मला आवडत नाहीत.

मग दूरदर्शन आलं. १९८६ चा मेक्सिकोचा विश्वचषक घरोघर दिसला आणि मॅराडोना नावाचा बुटका माणूस इंग्लंडच्या अर्ध्या संघाला चकवत गेलेला भारतभर पाहिला गेला. पेठांमध्ये अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन तट पडले, ते आजतागायत आहेत. दर चार वर्षांनी कोल्हापूरच्या चौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे पुढाऱ्यांच्या उंचीचे फलक लागतात. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवलं तेव्हा पेठांत फटाके वाजले.

या मागचा पैशाचा हिशेब मात्र पेठेतला नाही. फिफा १९०४ मध्ये पॅरिसला सात देशांनी स्थापन केली तेव्हा इंग्लंड त्यात नव्हतं. खेळ आमचा, तुम्ही कोण विचारणारे, असा त्यांचा रुबाब. १९३० चा पहिला विश्वचषक उरुग्वेत झाला, तेरा संघ होते, आणि युरोपातून जेमतेम चार गेले. त्यातले तीन ‘कॉन्ते व्हेर्दे’ नावाच्या एकाच जहाजातून. १९७४ मध्ये ब्राझीलचे जोआओ हाव्हेलांज फिफाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून शीतपेयवाले, बूटवाले आणि टीव्हीवाले यांच्याशी करारमदार सुरू झाले. विश्वचषकातले संघ सोळाचे चोवीस, चोवीसचे बत्तीस आणि २०२६ साठी अठ्ठेचाळीस झाले. डिसेंबर १९९५ मध्ये बेल्जियमच्या बोसमान नावाच्या खेळाडूने युरोपच्या न्यायालयात खटला जिंकला आणि करार संपला की खेळाडू मोकळा, असं ठरलं. तिथून खेळाडूंचा बाजार सुसाट सुटला.

बोसमानचं नाव पेठेत कुणाला माहीत असेल असं नाही, पण त्याचा परिणाम पेठेने भोगला आहे. पूर्वी दुसऱ्या पेठेकडून खेळणं म्हणजे घरच्या ताटातून उठणं. आता मोसमागणिक खेळाडू पैसे बघून संघ बदलतो आणि त्याला कुणी फारसा दोषही देत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे परदेशी खेळाडू. नायजेरियासारख्या देशांतून आलेले तरुण गेल्या दशकापासून कोल्हापूरच्या संघांतून खेळताना दिसतात. आखाड्याच्या नावाच्या जर्सीत आफ्रिकेतला धिप्पाड स्ट्रायकर, आणि गॅलरीत त्याला कोल्हापुरी हाका! मजा आहेच. पण त्याच्या जागी पेठेतलं जे पोरगं बाकावर बसलं त्याचं काय, हा प्रश्न केएसएलाही पडला असणार. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा उगाच येत नाहीत.

उलट दिशेचा प्रवास मात्र अगदी बारीक आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे इंडियन सुपर लीगमध्ये गेला. एवढी गर्दी, एवढ्या पेठा, एवढे चषक, आणि वर पोचलेल्यांची नावं बोटांवर मोजावी लागतात. कारण उघड आहे. पेठेला पुढच्या रविवारचा सामना जिंकायचा असतो. बारा वर्षांच्या पोराला आठ वर्षं शिकवायचं काम ईर्षेतून होत नाही. त्याला प्रशिक्षक, आहार, मुलांच्या वयोगटांची लीग लागते. चषकांच्या बक्षिसांतला चौथा हिस्सा जरी तिकडे वळवला तरी फरक दिसेल.

आता आपल्या राजापूरकडे. इथे सडा आहे, कातळ आहे, भात कापल्यावर मोकळे पडलेले मळे आहेत, आणि त्यावर टेनिस चेंडूची क्रिकेट जोरात चालते. कबड्डीला तर अंगणही पुरतं. फुटबॉल न रुजण्याचं कारण जमीन सपाट नाही असं सांगितलं जातं. ते मला पटत नाही. ब्राझीलची पोरं उतारावरच्या झोपडपट्टीतही खेळतात. खरं कारण चाकरमानी. ज्या गावची पोरं दहावी-बारावी झाली की मुंबईची वाट धरतात, तिथे अकरा जणांचा संघ दहा वर्षं एकत्र टिकायचा कसा? कोल्हापूरला ऊस होता, साखर कारखाने होते, फाउंड्र्या होत्या. पोरगं कामाला लागलं तरी पेठेतच राहिलं आणि संध्याकाळी मैदानावर आलं. आपली पोरं गणपतीला आणि शिमग्याला येतात. तेवढ्या चार-आठ दिवसांत क्रिकेटची एक स्पर्धा उरकते, फुटबॉलचा संघ बांधला जात नाही.

मार्च-एप्रिलमध्ये सवड काढून अणुस्कुऱ्यामार्गे कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर मोसमात बहुतेक दुपारी सामना असतो. दोन तगडे संघ असतील तर लवकर पोचा, पायऱ्या भरतात. शेजारी बसलेला माणूस हमखास विचारेल, ‘कुठल्या पेठेचं?’ सरळ राजापूर सांगा. चुकूनही एखाद्या पेठेचं नाव घेऊ नका, निदान सामना संपेपर्यंत तरी.